मुठीचं मेडिकल

— नाही नाही, तिथे नका बसू वहिनी, तिथे एसीचा झोत सरळ मानेवर येतो, इकडे माझ्याकडे सरका — हां, असं. मघाशी फोनवर मराठी बोललात ना, म्हणून म्हटलं, आपल्याकडच्याच दिसतात. मी आबिदा. राहायला इथेच झिंजला, गाव रत्नागिरीकडे. तुमच्या मिस्टरांनाही लिव्हरचंच ना? वाटलंच, या बाकावर दुसऱ्या कशाला कोण येणार. कुठे गेलेत ते — खाली, रक्त द्यायला? बरं झालं. तोवर मी सांगते ते नीट ऐकून घ्या, कारण तुम्ही नवीन दिसताय आणि या दाराच्या आत काय चालतं ते तुम्हाला दुसरं कोणी सांगणार नाही. आमचे आतच आहेत आत्ता, माझ्या अरीबाचे अब्बा. एकटे. मला बाहेर बसवलं. आजवर कधी बसवलं नव्हतं, आज आतली मॅडम म्हणाली, आबिदाताई, तुम्ही जरा बाहेर थांबा, मला त्यांच्याशीच बोलायचंय. का बरं? नवऱ्याला असं काय विचारायचं असतं जे बायकोसमोर विचारता येत नाही? तुम्हीच विचार करा. आणि एक आधीच सांगून ठेवते, आमच्यांनी जन्मात कधी दारूच्या थेंबाला हात लावलेला नाही. यांचं साखरेमुळे झालंय, लिव्हरवर चरबी चढत गेली आणि मग ते आतून कडक झालं, असं मोठे डॉक्टर म्हणाले. पण लिव्हर म्हटलं की लोक कसे बघतात. तुमचे मिस्टर — नाही नाही, मी विचारत नाहीये. माझा काय संबंध.

तर दारावरच्या पाटीवर काय लिहिलंय? डाएटिशियन. मग जेवणाचं बोला की. हे खा, ते खाऊ नका, कागद द्या, यल्ला, चला, आम्ही घरी. पण नाही. पहिल्याच दिवशी या सावनी मॅडमने यांच्या हातात एक यंत्र दिलं, पकडीसारखं, वर काटा, आणि म्हणाली, आहे तेवढा जोर लावून दाबा. एकदा दाबून भागलं नाही, पुन्हा दाबा, आता डाव्या हाताने दाबा. मग दंडाला टेप लावली — शिंपी लावतो तशी, पण शिंपी निदान सदरा तरी शिवून देतो. मग दंडाची कातडी चिमट्यात धरून तीही मोजली. मग म्हणे हात छातीवर घ्या आणि खुर्चीतून उठा, बसा, उठा, बसा. आता मला सांगा, जेवणाचा आणि उठाबशांचा काय संबंध? मी बाजूला उभी राहून बघत होते आणि मी ओळखलं हे काय आहे ते. हे मेडिकल आहे वहिनी. नाव दुसरं दिलंय, पण आहे मेडिकलच.

आपण गल्फमधली माणसं, आपल्याला मेडिकल काय नवीन आहे? छाती बघतात, रक्त बघतात, पास झालात तर व्हिसा, नाही तर आपलं घर बरं. सनदला एक फहाद म्हणून राहायचा, यांच्याच बरोबरचा, त्याच्या छातीत कसला तरी डाग निघाला आणि खलास, सामानसुद्धा धड बांधून झालं नाही त्याचं. आमचे हे कंपनीच्या गोदामात स्टोअरकीपर. खोकी उचलायला माणसं आहेत, पण स्टोअरकीपरच्या हातात जोर नाही असं कागदावर आलं तर कंपनी ठेवेल का? आणि हा सगळा इलाज कंपनीच्याच इन्शुरन्सवर चाललाय, मग कागद शेवटी जाणार कुठे? — तुम्ही मान हलवताय, पण मी उगाच बोलत नाही. यांच्या ऑफिसात विनीत म्हणून आहे, व्हिसा म्हणा, लीव्ह म्हणा, सगळं त्याच्या हातात. त्याला आणि या मॅडमला मी रिफ्याच्या मॉलमध्ये एकत्र बघितलंय, माझ्या दोन डोळ्यांनी, कॉफी पिताना, खदाखदा हसताना. मी खांबाच्या आड उभी राहिले. नणंद म्हणत होती, चल गं, काय बघत बसलीस. म्हटलं थांब जरा. अशक्त माणसांच्या यादीवर एवढं काय हसायचं असतं? — हो, यादी मी बघितली नाही, ते खरं. पण मला माझ्या मुलीची काळजी आहे वहिनी. अरीबा बारावीला आहे. बोर्डाची परीक्षा याच वर्षी आहे, आणि ती काय, मी काय, दोघी यांच्याच व्हिसावर. हे अनफिट ठरले की आम्ही तिघं विमानात, आणि पोरीचं वर्ष गेलं ते गेलंच. मला दुसरं काही नको. परीक्षा होईपर्यंत यांनी पास होत राहावं, मग काय व्हायचं ते होऊ दे.

म्हणून मी घरी तयारी करून घेते. तुम्हीपण घ्या, फुकटचा सल्ला आहे. सकाळी उठल्यावर ओला टॉवेल पिळायला द्यायचा, म्हणजे मुठीला सवय होते. आमचे पिळतात, पाणी काही फारसं निघत नाही, मग ते आत गेले की मी तोच टॉवेल पुन्हा पिळते. त्यांना कळू देत नाही, उगाच हिंमत खचायची. आणि ती काय करते, विचारते, काल दिवसभरात काय काय खाल्लं ते सांगा. अगदी गोड आवाजात विचारते. तिथे गडबडायचं नाही. यांना मी पाठच करून दिलंय — सकाळी अंडी, दुपारी मच्छी-भात, मग दही, रात्री मटण आणि झोपताना दूध. तोंड भरून सांगायचं. एवढं खाणाऱ्या माणसाला कोण अशक्त म्हणेल? घरून निघताना गाडीत पुन्हा एकदा म्हणून घेतलं मी त्यांच्याकडून. — खरंच खातात का? आता हा काय प्रश्न झाला. आधी वजनाचं ऐका.

वजनात तर मी तिची चोरीच पकडली. काटा चौऱ्याहत्तर दाखवत होता, मी वाकून बघितला. आजाराच्या आधीही तेवढंच होतं, एक किलो इकडे नाही की तिकडे नाही. मी मनात अल्लाचे आभार मानले. आणि हिने कॉम्प्युटरवर लिहिलं किती? सहासष्ट. माझ्यासमोर. काट्यावर एक आणि कागदावर एक. म्हटलं, हे काय हो मॅडम, आठ किलो गेले कुठे? तर हसली आणि म्हणाली, ते धरायचे नसतात. धरायचे नसतात म्हणजे? माझ्या माणसाच्या अंगावरचं वजन, आणि धरायचं की नाही ते ही ठरवणार? — काय म्हणालात? पोटातल्या पाण्याचं वजन वजा करतात? सगळ्यांचंच? हं. तुम्हाला बरीच माहिती दिसते.

पाणी आहे हे मला काय ठाऊक नाही का. पायाला बोट दाबलं की खड्डा पडतो आणि तसाच राहतो. त्यासाठी गोळी दिलीय, ती घेतली की दिवसभर बाथरूमच्या फेऱ्या आणि वजन धाडकन खाली. आता मेडिकलच्या तोंडावर वजन खाली गेलं तर कसं चालेल? म्हणून इथे यायचं असलं की आधी काही दिवस मी ती गोळी देतच नाही. — असं काय बघताय? कधीच देत नाही असं नाही, इथून गेल्यावर देते ना. थोडा दम लागतो त्यांना, आडवं झोपवत नाही, मग मी पाठीला दोन उश्या लावते. शर्टाची बटणं लागत नव्हती म्हणून आज सैल कुर्ता घालून आणलाय. तब्येत दिसली पाहिजे. चेहरा थोडा उतरलाय, गालफडं बसलीत, कानशिलापाशी खळगे पडलेत, अंगठी बोटातून गळते म्हणून तिला दोरा गुंडाळून दिलाय — पण काटा तर चौऱ्याहत्तरच म्हणतो ना. काटा कशाला खोटं बोलेल?

काय? तुम्ही वर्षभर येताय इथे? वर्षभर? मग मघापासून मला बोलू का दिलंत? — मी थांबलेच नाही, हेही खरं म्हणा. आम्ही दर वेळी रविवारी यायचो, आज पहिल्यांदा मंगळवार दिला, त्यालाही माझ्या मते काहीतरी कारण असणार. आणि सावनी मॅडमला तुम्ही बाहेरही ओळखता? मंडळाच्या गणपतीत? विनीतलाही? — मावसभाऊ. तो तिचा मावसभाऊ आहे. आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय, माझं सगळं ओकून झाल्यावर. बरं. तुमचं नाव काय म्हणालात? सुरेखा. मिस्टर कुठल्या कंपनीत असतात? — कंपनीत नाहीत, स्वतःचं अकाउंट्सचं ऑफिस आहे. त्यात यांच्या कंपनीचं काम असतं का? नसतं. नक्की? हे बघा सुरेखावहिनी, मी कोणाचं वाईट चिंतत नाही, पण इथे जे बोलले ते इथेच राहू दे. मी काही बोलले नाही आणि तुम्ही काही ऐकलं नाही. मावसभाऊ म्हणे.

— पुन्हा तेच. घरी काय देते, घरी काय देते. तुम्हाला कशाला हवंय? बरं, ऐका, ऐकलंत म्हणून काय बिघडणार आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही, उलट आहे ते चांगलंच आहे. पथ्य देते मी. लिव्हरचा आजार म्हणजे काय, मोठी कावीळच ना? यांचे डोळे पिवळे झाले तेव्हाच मी ओळखलं. आमच्याकडे कावीळ झाली की काय करतात ते तुम्हालाही माहीत असेल — तेल बंद, मच्छी-मटण बंद, अंड्याचं नाव काढायचं नाही, पेज घ्यायची, दुधी उकडून घ्यायचा आणि अंधार पडायच्या आत जेवून मोकळं व्हायचं, म्हणजे रात्रभर लिव्हरला आराम. माझ्या बापाला कावीळ झाली होती, गावातल्या एका बाईने मुळी उगाळून दिली आणि हे पथ्य सांगितलं. आईने डोळ्यांत तेल घालून पाळलं आणि बाप पंधरवड्यात उठून होडीवर गेला. मी डोळ्यांनी बघितलंय ते, कोणाकडून ऐकलेलं नाही. तेच मी इथे चालवलंय, रमजानच्या आधीपासून. अजून उतार पडला नाही, कारण आजार जुना आहे, त्याला वेळ लागणार. आणि ही डाएटिशियन पोरगी म्हणते, रात्री झोपताना खायला द्या, उपाशी झोपू देऊ नका. तेव्हाच माझा संशय पक्का झाला. हिला माझा माणूस बरा व्हायला नकोच आहे.

सोपं नाही हो ते. हे समुद्राकाठचे, मच्छी नसेल तर ताटावर बसायचे नाहीत. मी अरीबासाठी सुरमई तळायला घेतली की हे येऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे. मागायचे नाहीत, बोलायचे नाहीत, नुसते उभे. मग मी घरात तळणंच बंद केलं, पोरगी मैत्रिणीकडे खाऊन येते. तर आता संध्याकाळी गॅलरीत जाऊन उभे राहतात. खाली कोल्ड स्टोअरच्या, वाण्याच्या दुकानाच्या बाजूला एक हॉटेल आहे, तिथे हमूर मासा भाजतात, वास वरपर्यंत येतो. विचारलं काय करताय, तर म्हणाले, हवा खातोय. हवा, एवढ्या उकाड्यात. माणूस आजारात हावरट होतो हे मी ऐकलं होतं, पण आपल्या घरात बघायला लागलं की जीव तुटतो. मला काय दया येत नाही? मी पण पेजच पिते त्यांच्यासोबत, बघा माझ्या बांगड्या कशा कोपरापर्यंत सरकतात. आणि परवा तर काय झालं, त्यांनी अरीबाला त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारली. जेवून हात धुतले आणि मला म्हणाले, आज जेवायला वाढलं नाहीस. मी घाबरले, रिफ्याला नणंदेला फोन केला. ती म्हणाली, पथ्य कुठेतरी मोडत असशील बघ. म्हणून मग मी पेज आणखी पातळ केली. हे मॅडमला सांगितलं नाही, हे तर कधीच सांगणार नाही. डोकं फिरलेला स्टोअरकीपर कोण ठेवतो?

— हळू बोला, लोक बघतायत. काय म्हणालात? पुन्हा सांगा, आणि सावकाश सांगा. अंगातलं मांस... शरीर स्वतःचंच मांस खातं? खायला कमी पडलं की? आणि खराब लिव्हरमध्ये रात्रीपुरताही साठा राहत नाही, म्हणून झोपताना खायचं. ते यंत्र म्हणजे अंगात मांस किती उरलंय ते बघायला. आणि दंडाला टेप का, तर दंडात पाणी साठत नाही, तिथे खरं काय ते दिसतं. पाण्याने काटा फुगतो आणि आत माणूस वाळत जातो. — हे तुम्हाला सांगितलं कोणी? तिनेच ना? मग ती असं म्हणणारच. पकडायला आलेला कधी सांगतो का, मी पकडायला आलोय म्हणून? — नाही, थांबा. तुमच्या मिस्टरांची मूठ पण कमी आली होती? अनफिट — म्हणजे अशक्त निघाले? मग? कुठे कळवलं नाही? कोणाचा फोन नाही, काही नाही? फक्त जास्त खायला लावलं. अंडी, मासे, डाळ, दही, आणि रात्री झोपताना परत काहीतरी. काविळीचं पथ्य वेगळं आणि हे वेगळं. बरं. आणि भ्रम झाल्यासारखं बोलले होते तुमचेही, तेव्हा औषध बदलून दिलं, खाणं काढून घेतलं नाही. आणि आता ऑफिसात जातात. खाली जिन्याने उतरून गेले.

जिन्याने. आमच्यांना मी गाडीतून उतरताना काखेत हात घालून काढलं. — तुम्ही हे मला का सांगताय? खरं सांगा. तुमचा यात काय फायदा? इथे कोणी कोणाला पार्किंगची जागासुद्धा दाखवत नाही. मावसभावाने सांगितलंय का, हिला बोलतं कर म्हणून? तसं असेल तर आत्ताच सांगून टाका, मी रागावणार नाही. — नाही. बरं. मग एक विचारते. माणूस आत जाऊन म्हणाला, मी मटण खातो, मच्छी खातो, अंडी खातो, दूध पितो, तर ती काय लिहील? सगळं व्यवस्थित खातो, बदल नको, असंच ना? म्हणजे मी पाठ करून दिलं ते... आणि वर ती गोळी. कोणी मागितलं होतं माझ्याकडे? मी तर यांना वाचवायला — जाऊ दे. तुम्ही असं माझ्या हातावर हात ठेवू नका, मला ते आवडत नाही.

दार उघडलं. आले. हे बघा, हे आमचे, सिराज. या, इकडे या, भिंत धरा, तशी नाही, नीट धरा. बसा. या सुरेखावहिनी, आपल्याकडच्याच आहेत. काय विचारलं तिने एवढा वेळ? — सगळं सांगितलंत? मी सांगितलं तसंच? मटणसुद्धा? एकही चुकलं नाही. बघा वहिनी, किती खूश आहेत, कितीतरी दिवसांनी असे हसलेत. काय? मोठ्याने बोला, मला ऐकू नाही आलं. — ऐकलंत तुम्ही? तुम्हीपण ऐकलंत ना आत्ता काय म्हणाले ते? म्हणतात, आबिदा, आज मी पास झालो, आता घरी गेल्यावर एक तुकडी देशील? छोटी दिलीस तरी चालेल.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय. आयुष्यभर या माणसाने माझ्याकडे कधी काही मागितलं नाही, पगार आणून हातात ठेवायचा आणि वाढलं ते खायचा, आणि आज माशाच्या एका तुकडीसाठी माझ्याकडे पास होऊन आला. देईन हो. देईन. एक नाही, पोटभर देईन, तुम्ही गप्प बसा आता, असं परक्या माणसासमोर बोलू नका.

वहिनी, आता नंबर तुमचा आहे ना? मला जाऊ द्या आधी. तुमचे मिस्टर येईपर्यंत वेळ आहे. अरीबाची परीक्षा आहे, तिचं काय होईल मला माहीत नाही, आणि त्या विनीतवर माझा अजूनही काडीचा विश्वास नाही, तुम्हीही तसं त्याला कळवलंत तरी चालेल. तुम्ही खोटं बोलत असलात तर अल्ला तुम्हाला बघून घेईल, आणि खरं बोलत असलात तर मला. यांच्याजवळ बसा. हात धरून ठेवा, उठू देऊ नका, उठले की चक्कर येते. बोलले काही वेडंवाकडं तर हो म्हणा. — नाही, सोबत नको मला, तुम्ही इथेच बसा. मी दार लावून घेतेय. जे सांगायचंय ते तिला सांगणार, तुम्हाला नाही. इकडे कान देऊ नका.